उसनं म्हणजे ‘बॉरो’ नाही

माझं काम चुकीचे प्रोग्राम लिहिण्याचं आहे. पिपरी मेघेला खोली भाड्यानं घेतली तेव्हा घरमालकीणबाईंनी विचारलं, घरी बसून दिवसभर काय करता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी सरळ सांगून टाकलं. त्या सावंगीच्या दवाखान्यात नर्स आहेत, ड्यूटीवर निघाल्या होत्या. स्कूटरची किल्ली हातात धरून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चुका कराची नोकरी? मंग त आमच्याइकडे लय जनांले लागंन."

तेव्हापासून त्या गल्लीत मी ‘चुकावाल्या मॅडम’ आहे. मला राग येत नाही, उलट बरं वाटतं, कारण नाव खरं आहे. यंत्राच्या अगदी आतलं काम जिच्यात लिहितात अशी एक प्रोग्रामिंगची भाषा आहे. त्या भाषेत लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम चालण्याआधी कंपायलर तो वाचतो आणि नियमात बसत नसेल तर परत पाठवतो. आमची टीम त्या कंपायलरचा नियम तपासणारा भाग नव्यानं लिहीत होती. मी दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहायचा, त्यात जाणूनबुजून एक नियम मोडायचा, आणि कंपायलर तो पकडतो का ते बघायचं. त्यानं माझा प्रोग्राम नापास केला की माझी टेस्ट पास. त्यानं मला सोडून दिलं, तर गडबड त्याची.

मी सांभाळते तो नियम बोलायला सोपा आहे. एखाद्या वस्तूकडे एका वेळी कितीही जणांनी बघावं, हरकत नाही. पण कोणाला ती वस्तू बदलायची असेल, तर तेवढ्यापुरतं बाकी कोणीही तिच्याकडे बघत असता कामा नये. बघणारे अनेक, नाहीतर बदलणारा एक. दोन्ही एकदम नाही. एवढाच नियम, पण तो मोडण्याच्या वाटा इतक्या आहेत की दीड वर्षात मी चारशेच्या वर टेस्ट लिहिल्या आणि अजून मला कंटाळा आलेला नाही.

आज हे मोठ्या तोऱ्यात सांगते आहे, पण सुरुवातीच्या पाच महिन्यांत या नोकरीतून मी जवळजवळ बाहेर पडले होते. आणि तेही एका शब्दापायी.

दहावीपर्यंत मी कारंज्याला, म्हणजे आमच्या घाडग्यांच्या कारंज्याला, मराठी शाळेत शिकले. इंजिनिअरिंगला आले तेव्हा पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर मी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहायची. बाकीची पोरं हसायची, हसू दे. या भाषेत दुसऱ्याची वस्तू वापरायला घेण्याला ‘बॉरो’ म्हणतात. सगळा नियम त्या एका शब्दाभोवती फिरतो. माझ्या शाळेच्या शब्दकोशात त्याचा अर्थ दिला होता, उसने घेणे. मी तो पेन्सिलीनं लिहिला आणि तो माझ्या डोक्यात दगडावरच्या रेघेसारखा बसला.

आता उसनं म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या गल्लीत वाटीभर साखर, चहापत्ती, पीठ रोज इकडून तिकडे जायचं. वाटीभर नेलं, चार दिवसांनी वाटीभर आणून दिलं, संपलं. त्यामुळे नोकरीला लागल्यावर मी जी पहिली मोठी तक्रार लिहिली ती अशी होती: माझ्या प्रोग्राममध्ये एकानं दुसऱ्याच्या डब्यातली वस्तू बॉरो केली, काढून घेतली, वापरून टाकली, आणि नंतर तशीच दुसरी आणून ठेवली. कंपायलर यालाही नापास करतो, म्हणजे कंपायलर उगाच कडक आहे. पंधरा दिवसांनी त्याच जातीची दुसरी तक्रार लिहिली, आणि तीत जरा आवाजही चढवला.

आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, पुण्याचा. माणूस हुशार, पण नाकानं कांदे सोलणारा. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायचा आणि एकट्याशी बोलताना शुद्ध मराठीत, ते जास्त टोचायचं. दुसऱ्या तक्रारीनंतर त्यानं फोन केला.

"तुझ्या दोन्ही टेस्ट चुकीच्या आहेत," तो म्हणाला. "बॉरो केलेली वस्तू तुझी होत नाही. ती वापरून संपवता येत नाही. तीच वस्तू परत जायला हवी. हे पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात असतं."

मी म्हटलं, "पण मी तशीच परत ठेवते आहे ना."

"तशीच म्हणजे तीच नव्हे," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे बघ, स्पष्ट सांगतो. तुझी सहा महिन्यांची चाचणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे. कंपायलरवर खोटा आळ घेणारा टेस्टर आम्हाला परवडत नाही. तिसरी अशी आली, तर मी तुला कायम करा असं लिहू शकणार नाही."

मी फोन ठेवला. दोष माझाच होता, पण तो नेमका कुठे आहे ते मला दिसत नव्हतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. ही नोकरी गेली तर पुन्हा पुण्याला नाहीतर हैदराबादला जाऊन तिघींच्या खोलीत चौथी गादी टाकायची, हे मला माहीत होतं. चार वर्षं ते केलं होतं. वर्ध्यात राहून हे काम करता येतं, हे मी स्वतःला आणि घरच्यांना मोठ्या मुश्किलीनं पटवलं होतं.

त्या शनिवारी मी एसटीनं कारंज्याला गेले. आर्वीला गाडी बदलली, चहा प्यायले, आणि सगळ्या रस्त्यात लीडशी मनातल्या मनात भांडत राहिले. घरी पोचले तर आई ओसरीवर सूप घेऊन तूरडाळ निवडत होती. घरची तूर, गावच्या चक्कीवर भरडलेली, त्यामुळे तिच्यात खडे असायचेच. आईनं दोन तास मान मोडून डबाभर डाळ निवडली, डबा ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "मी बँकेत जाऊन येतो. डाळ निवडेल हाय, सांजच्याले वरन लावजो."

आई घराबाहेर पडली आणि मी लॅपटॉप उघडून लीडनं चुकीच्या ठरवलेल्या माझ्या दोन टेस्ट पुन्हा वाचत बसले. मध्येच शेजारची काकू मागच्या दारानं आत आली. आमच्याकडे मागचं दार म्हणजे सगळ्यांचंच दार. तिच्याकडे पाहुणे आले होते. ती ओट्यापाशी काहीतरी म्हणाली, मी मान न वळवता "हो काकू" म्हटलं, डब्याचा आवाज झाला आणि ती गेली.

संध्याकाळी आई आली. मी डबा उघडून पाहिला, काठोकाठ भरलेला. वरण लावलं, तूप घातलं, आम्ही दोघी जेवायला बसलो. दुसऱ्याच घासाला माझ्या दाताखाली खडा आला. तिसऱ्याला आईच्या. आईनं घास बाजूला काढून ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

"मी निवडली होती," ती म्हणाली. "एकेक दाना पाह्यला मी."

तेवढ्यात काकू मागच्या दारानं रिकामी परात घेऊन आली, पाहुणे गेल्याचं सांगायला. आईनं तिला ताट दाखवलं.

"वैनी, डाळ नेलती का तुमी?"

"नेलती ना," काकू म्हणाली. "पाव्हने दारात, आन माह्याजोळची डाळ निवडेल नोती. म्या पोरीले इचारलं, डाळ नेऊन राह्यली, माही भरून ठेवतो. ते हो म्हने. एका हातानं काढली, दुसऱ्या हातानं भरली. डबा रिकामा नाई ठेवला मी."

"नाई ठेवला, खरं हाय."

"मंग? डाळ त पुरी देल्ली ना मी."

"देल्ली," आई म्हणाली. "पन मी निवडली ते नाई देल्ली."

काकू जरा चिडली. ती म्हणाली, उसनं नेलं की तेच दाणे कोणी परत आणतं का, मग त्याला उसनं काऊन म्हणायचं. आईला ते पटलं. ती म्हणाली, "उसनं तसंच राह्यते. विळा नेला त तोच विळा परत याले पायजे, शिडी नेली त तेच शिडी. थे मांगून नेनं झालं. डाळ उसनी नेली त दुसरी डाळ येते. तुमचं चुकलं नाई वैनी. हे डबा भरेल पाहून निवडेल समजून बसली, तिचं चुकलं." ‘हे’ म्हणजे मी.

मी तशीच ताटावर बसून राहिले. पाच महिने जे कळत नव्हतं ते त्या दोघींनी दोन मिनिटांत माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं. बॉरो म्हणजे उसनं नव्हेच, बॉरो म्हणजे मागून नेणं. विळ्यासारखं. शब्दकोशात चुकीचा शब्द नव्हता, पण मराठीत दोन शब्द होते आणि त्यानं एकच दिला होता. माझ्या दोन्ही टेस्ट खरोखर चुकीच्या होत्या, लीड बरोबर होता. हे मान्य करताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण त्यापुढची गोष्ट लीडलाही ठाऊक नव्हती, आणि ती सुचली तेव्हा माझे हात खरकटे होते. या भाषेत उसनंसुद्धा आहे. एका झटक्यात आतली वस्तू काढून घ्यायची आणि त्याच झटक्यात दुसरी ठेवायची, यासाठी तिच्यात एक तयार सोय आहे. काकूनं केलं तेच, डबा क्षणभरही रिकामा राहत नाही. मग समजा, आईनं डाळ निवडून पाहिली आहे, आणि त्या बघण्यावर कोणी पुढे विसंबून आहे. मधल्या वेळात काकू अदलाबदल करून गेली. आमचा नवा कंपायलर काकूला अडवेल का?

सोमवारी मी अकरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. एक डबा, त्यात एक डाळ. एकजण आतल्या डाळीकडे बघतो आहे. तो बघत असतानाच डाळीची अदलाबदल होते, जुनी डाळ फेकली जाते, आणि नंतर पहिला माणूस आपण बघितलेल्या डाळीचं नाव स्क्रीनवर छापायला सांगतो. नियमाप्रमाणे कंपायलरनं हा नापास केलाच पाहिजे. त्यानं तो हसतखेळत पास केला.

मी तक्रार लिहिली. अर्ध्या तासात लीडचा फोन.

"जागा कधी रिकामी राहिलीच नाही," तो म्हणाला. "आम्ही मुद्दाम तशी सूट ठेवली आहे. जागच्या जागी अदलाबदल झाली, तर तिथे आधी जे होतं त्याच प्रकारचं काहीतरी कायम असतं. तुझी टेस्ट चुकीची आहे. हे बघ, ही तिसरी मोजायची नाही मला. तूच मागे घे, मी काही बोलणार नाही."

तो खरंच चांगुलपणानं बोलत होता, ते मला कळत होतं. मागे घेतली असती तर नोकरी राहिली असती. मी विचार केला, खोटं सांगत नाही, चांगला दहा मिनिटं केला. मग मला आईचं ते वाक्य आठवलं, मी निवडली ते नाई देल्ली. मी त्याला लिहिलं की टेस्ट मागे घेणार नाही, गुरुवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चालवून दाखवते.

गुरुवारी दुपारी तीनची मीटिंग. पिपरीत त्या वेळी लाइट जायची भीती, म्हणून मी लॅपटॉप आणि फोन आधीच चार्ज करून ठेवले होते. स्क्रीनवर नऊ चेहरे. मी प्रोग्राम दाखवला, कंपायलरनं तो पास केला हे दाखवलं आणि म्हटलं, आता हा चालवते, आणि बघा, फेकून दिलेल्या डाळीच्या जागी काय छापून येतं. डाळीची नावं मी रोमन अक्षरांत लिहिली होती, ‘निवडलेली’ आणि ‘खडेवाली’. बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं, निवडलेली.

म्हणजे सगळं ठीकठाक. कोणीतरी हलकेच हसलं. लीड म्हणाला, "झालं?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, कीव होती, आणि ती मला टोमण्यापेक्षा जास्त लागली.

पण आमच्या घरात एक खोड आहे. खडा लागला की सगळं ताट चिवडून तो शोधल्याशिवाय आम्ही उठत नाही. मी म्हटलं, दोन मिनिटं द्या. मेमरीतली जागा मोकळी केली म्हणून तिथली जुनी अक्षरं लगेच पुसली जातात असं नाही. घर सोडून भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी काही दिवस राहतेच. दुसरा कोणी राहायला आला की मगच ती बदलते. मी एकच ओळ वाढवली. जुनी डाळ फेकल्यावर, तिच्याएवढ्याच मापाचं तिसरं काहीतरी नवीन बनवायचं, ज्याचा या डब्याशी काही संबंध नाही. त्याचं नाव ठेवलं ‘चहापत्ती’, आणि माप जुळावं म्हणून पुढे रिकाम्या जागा भरल्या. पुन्हा बटण दाबलं.

मघाशी निवडलेली डाळ बघून ठेवलेल्या माणसाला प्रोग्रामनं आता सांगितलं, तू बघितलीस ती चहापत्ती होती.

मी प्रोग्राम पुन्हा चालवला, पुन्हा चहापत्ती. लीडनं माझ्याकडून तो प्रोग्राम मागून घेतला, स्वतःच्या मशीनवर चालवला, आणि त्याच्या चष्म्यात मला त्याची स्क्रीन हलताना दिसली. सात-आठ मिनिटं तो वाचत होता. मग इंग्रजीत सगळ्यांना म्हणाला की ही सूट आम्ही द्यायला नको होती, डबा भरलेला आहे याचा अर्थ आतलं तेच आहे असा होत नाही, आणि ही चूक बाहेर गेली असती तर कुठल्या यंत्रात जाऊन बसली असती सांगता येत नाही.

मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की कॅमेरा बंद करावा लागला. रडू वगैरे नाही, तोंडभर हसू येत होतं आणि मीटिंगमध्ये ते बरं दिसलं नसतं. कारंज्याच्या मराठी शाळेतली, पेन्सिलीनं अर्थ लिहिणारी मी, नऊजणांना एक गोष्ट दाखवून बसले होते जी त्यांच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती. आणि ती मला दिसली ती मराठीत दिसली, इंग्रजीत मी अजून शोधतच बसले असते.

टेस्ट दाखल करताना तिला नाव द्यावं लागतं. मी रोमन अक्षरांत ‘उसनी डाळ’ लिहिलं. लीडनं विचारलं, हे काय. मी सांगितलं.

"उसनं म्हणजे बॉरोच ना?" तो म्हणाला.

"नाही," मी म्हटलं, आणि पुण्याच्या माणसाला मराठी समजावून सांगितलं. विळ्याचं, शिडीचं, साखरेचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझ्या पहिल्या दोन टेस्ट मात्र चुकीच्याच होत्या हं." मी म्हटलं, होत्याच. पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

आईला फोन करून सांगितलं, तर तिला एवढंच कळलं की काकूनं डाळ बदलली म्हणून माझी नोकरी राहिली. तिनं ते जसंच्या तसं काकूला सांगितलं. काकू आता गल्लीभर सांगते की पोरीला मी नोकरी लावून दिली, आणि तिचं अगदीच खोटं आहे असं मला म्हणता येत नाही.

याला आता वर्ष होत आलं. परवा सकाळी लीडचा फोन आला. कंपायलर जलद व्हावा म्हणून त्यानं तपासणीचा तो भाग पुन्हा मोडून नव्यानं बांधला होता. आठवडाभराचं काम. चारशे टेस्ट चालवल्या, बाकी सगळ्या पास झाल्या, आणि एक आडवी आली.

"तुझी डाळ आली आडवी," तो म्हणाला.

मला वाटलं, पुन्हा म्हणेल टेस्ट चुकीची आहे. मी खुर्ची पुढे ओढून भांडायला सरसावून बसले. पण तो म्हणाला की सकाळपासून तो बघतो आहे, आणि चूक त्याचीच आहे, तीच सूट त्यानं नकळत पुन्हा दिली होती. ती टेस्ट नसती तर त्याला कळलंही नसतं. मग म्हणाला, "मी तुला ती मागे घ्यायला सांगितली होती. बरं झालं तू ऐकलं नाहीस."

मी म्हटलं, "मी कोणाचंच ऐकत नाही. हवं तर आमच्या घरी विचारा."